शेरूचा वाटा

शुक्रवारी सकाळी चिकनच्या दुकानात आम्ही दोन डबे घेऊन जातो. एक घरासाठी, एक शेरूसाठी. दुसऱ्या डब्यावर आमच्या धाकटीने तेलरंगाने लाल फुली मारून ठेवली आहे. दुकानदार भाई आता विचारत नाहीत. पहिल्या डब्यात कापलेली कोंबडी पडते, दुसऱ्यात माना, पेटे आणि साफ करताना उरलेले मांसाचे तुकडे. पहिल्या पहिल्यांदा मात्र ते हसून म्हणाले होते, "कुत्र्यासाठी डबा? टाकून द्या ना जे उरेल ते! कुत्राच आहे तो."

तेव्हा आम्हालाही तसंच वाटायचं. कुत्र्याला काय, मांस मिळालं की झालं. या समजुतीची किंमत आधी शेरूच्या पायांनी मोजली आणि पुढे आमच्या लेकीच्या काळजीने आम्ही मोजली. घरोघरी बकऱ्या आहेत, राखणीला कुत्री आहेत आणि वर्षातून एकदा बकरी ईद आहे. म्हणून हा अनुभव सांगावासा वाटतो.

आमचं घर राजूरला, वणी तालुक्यात. एका बाजूला कोळशाच्या खाणी, दुसऱ्या बाजूला चुन्याच्या भट्ट्या. अंगणात वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काळी धूळ बसते आणि काळ्या बुरख्यावर पांढरी, असं आमच्याकडे गमतीने म्हणतात. आमच्यापैकी एक जण भट्टीवर कामाला जातो, दुसरी घरी शिवणकाम करते. जोडीला पाच बकऱ्या आहेत. पोरांच्या शाळेचा खर्च त्याच निभावतात. एका पावसाळ्यात दोन करडं रात्रीतून गेली. कोल्ह्याने नेली की माणसाने, ते कळलं नाही. त्यानंतर भट्टीवरच्या एका सोबत्याने गावठी कुत्रीचं पिल्लू आणून दिलं. तोच हा शेरू.

घरात लगेच वाद सुरू झाला. अम्मी म्हणाल्या, "ज्या घरात कुत्रा, त्या घरात रहमतचे फरिश्ते येत नाहीत. मी नमाज कुठे पढू?" त्यांचं म्हणणं आम्हाला टाकवत नव्हतं. आम्ही मशिदीतल्या इमामसाहेबांना विचारलं. त्यांनी शांतपणे समजावलं. शौक म्हणून कुत्रा घरात पाळायला हदीसमध्ये मनाई आहे, पण जनावरांच्या राखणीसाठी, शेतीसाठी आणि शिकारीसाठी सवलत आहे. सूरह माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी जनावराने पकडलेल्या शिकारीचा उल्लेख येतो. सूरह कहफमधल्या गुहावासीयांच्या उंबऱ्याशी पाय पसरून बसलेला कुत्राही कुरआनातच आहे. राहिला प्रश्न पाकीचा. आपल्या हनफी मतानुसार कुत्र्याची लाळ नापाक आहे. ती कपड्याला, भांड्याला लागली तर धुवावं. कोकणातले आपले बरेच भाऊ शाफई आहेत. त्यांच्याकडे नियम आणखी कडक आहे, भांडं सात वेळा धुवायचं आणि त्यातल्या एका वेळी मातीने.

शेवटी इमामसाहेब म्हणाले, "ठेवणार असाल तर एक लक्षात ठेवा. मांजर बांधून उपाशी मारणाऱ्या बाईचा हिशेब हदीसमध्ये आला आहे आणि तहानलेल्या कुत्र्याला मोज्यातून पाणी पाजणाऱ्या माणसाचाही. जनावर दाराशी बांधलंत की त्याचं पोट तुमच्या जिम्म्यावर."

अम्मींनी तीन अटी घातल्या. कुत्रा उंबऱ्याच्या आत येणार नाही. त्याची भांडी वेगळी राहतील आणि मोरीत नाही तर अंगणाच्या कोपऱ्यात धुतली जातील. त्याच्यासाठी घरातल्या पोरांच्या तोंडचा घास कमी होणार नाही. पहिल्या दोन अटी सोप्या होत्या. खरी कसोटी तिसरीची होती.

त्या दिवसांत कुणीतरी मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. कुत्रा म्हणजे लांडग्याची जात, त्याला भाकरी-भात घालणं म्हणजे जुलूम, त्याला फक्त कच्चं मांस द्या, असं त्यात ठासून सांगितलं होतं. ही कल्पना अगदीच हवेतली नाही. ऑस्ट्रेलियाचे पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ मध्ये यावर पुस्तक लिहिलं आणि तेव्हापासून जगभर असा आहार देणारे वाढले. पण ते नुसतं मांस घाला असं सांगत नाहीत, मांस लगडलेली कच्ची हाडं हा त्यांच्या पद्धतीचा कणा आहे. या पद्धतीचे लोक साधारण हिशेब असा सांगतात: मोठ्या कुत्र्याला त्याच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के अन्न रोज, त्यात ऐंशी टक्के मांस, दहा टक्के हाड आणि दहा टक्के कलेजी-गुर्दे यांसारखे अवयव, त्यातही कलेजी निम्मीच.

आम्ही त्यातलं आम्हाला परवडेल तेवढंच ऐकलं. मांस महाग. २०१५ मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आल्यापासून आमच्यासारख्या घरांतून स्वस्त मांस जवळजवळ गेलंच, आता जे काही आहे ते कोंबडीवर. बकऱ्याचं मटण आमच्याच ताटात सणासुदीला येतं. दुकानात सगळ्यांत स्वस्त मिळायची ती कोंबडीची कलेजी. म्हणून शेरूला रोज कच्ची कलेजी आणि मटणवाल्या चाचांकडून अधूनमधून फेफडं. हाड मुद्दाम दिलं नाही. घशात अडकेल, ही भीती. आमचा हिशेब खूश होता: थोड्या पैशांत पोट भरतं, पिल्लू आवडीने खातं, अंगावर तुकतुकी दिसते.

चौथ्या महिन्यात शेरू चालताना अडखळू लागला. पुढचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकले. बकऱ्यांमागे पळणारं पिल्लू उठायलाही कुरकुर करू लागलं. हात लावला की कळवळायचं. अम्मी त्याच्याजवळ जात नसत, पण त्या रात्री दारातून बराच वेळ त्याच्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "बेजुबान आहे. सांगू शकत नाही. नेऊन दाखवा."

पशुवैद्यांनी पाय दाबून पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "खायला काय घालता?" आम्ही अभिमानाने सांगितलं, रोज मांस. त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांनी जे समजावलं ते आम्हाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मांसात आणि कलेजीत फॉस्फरस भरपूर असतं, कॅल्शियम जवळजवळ नसतं. वाढत्या पिल्लाच्या अंगाला कॅल्शियम मिळालं नाही की शरीर स्वतःच्याच हाडांतून ते ओढून घेतं. हाडं पोकळ, मऊ होतात आणि अंगाचा भार पडला की वाकतात, कधी मोडतात. जंगलातलं जनावर शिकार खातं तेव्हा हाडासकट खातं, म्हणून त्याचा हिशेब जुळतो. आम्ही त्या शिकारीतला एकच भाग, तोही सगळ्यांत स्वस्त, उचलला होता. शिवाय रोजची कलेजी म्हणजे अ जीवनसत्त्वाचा अतिरेक, तोही हाडांना बाधतो. उन्हात बांधून बरा होईल का, असं आम्ही विचारलं. तर कळलं की कुत्र्याच्या कातडीत उन्हाने ड जीवनसत्त्व माणसासारखं पुरेसं तयार होत नाही, त्याला ते अन्नातूनच लागतं.

परत येताना भट्टीवरच्या एकाने सुचवलं, "कॅल्शियमच हवं ना? मग चिमूटभर चुना घाल भाकरीत. राजूरला चुन्याला काय तोटा?" सुदैवाने आम्ही आधी विचारलं. भट्टीतून निघणारा कळीचा चुना तोंड, घसा, आतडी जाळतो. तो कुणाच्याही पोटात जायचा नाही. गंमत अशी की भट्टीत टाकला जाणारा चुनखडीचा दगड आणि अंड्याचं टरफल मूळचे एकाच जातीचे, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेट. दगड भट्टीत भाजला की तो जाळणारा चुना होतो. टरफल मात्र उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये मैद्यासारखं दळलं की औषध होतं. शेरूच्या वजनाप्रमाणे पशुवैद्यांनी त्याचं माप ठरवून दिलं आणि सुरुवातीला सोबत औषधही दिलं. घरात अंडी खाल्ली जातातच. टरफलं आता कचऱ्यात जात नाहीत. दोन महिन्यांत शेरू पळू लागला. डावा पाय किंचित वाकडा राहिला तो राहिलाच. त्याच्याकडे पाहिलं की आम्हाला आमचा अर्धवट हिशेब आठवतो.

या धड्यानंतर आम्ही माना कच्च्याच द्यायला लागलो. कच्चं हाड शिजवलेल्या हाडापेक्षा कमी चिरफाळतं, म्हणून. चाचांकडचं फेफडं, कलेजीचे उरलेले तुकडेही चालूच होते. सगळं सुरळीत आहे असं वाटत होतं. मग बकरी ईद आली.

त्या ईदला आमच्या गल्लीत सात-आठ कुर्बान्या झाल्या. आमचा बकरा सोलल्यावर कसाबभाईंनी कलेजी बाहेर काढली आणि थांबले. कलेजीवर लिंबाएवढे दोन पांढुरके फुगे होते, आत पाणी भरलेलं. "पाण्याच्या गाठी आहेत. हे खायचं नाही," असं म्हणून त्यांनी तो भाग कापला आणि सवयीने शेरूकडे भिरकावला. शेरूने तो हवेतच झेलला. असंच दरवर्षी होतं. आमच्याच नाही, सगळ्यांच्या अंगणात. खायचं नाही ते कुत्र्याला, ही आपली जुनी रीत.

चार दिवसांनी शेरूला रेबीजची लस द्यायला नेलं तेव्हा बोलता बोलता ही गोष्ट निघाली. पशुवैद्य लिहिता लिहिता थांबले.

त्या पाण्याच्या गाठींना हायडेटिड म्हणतात. त्या एका बारीक पट्टकृमीच्या अळ्यांच्या पिशव्या असतात. बकरी, मेंढी, गाय, म्हैस यांच्या कलेजीत आणि फेफड्यात त्या वाढतात. अशी गाठ कुत्र्याने कच्ची खाल्ली की त्याच्या आतड्यात ते कृमी मोठे होतात. लांबी जेमतेम काही मिलिमीटर. कुत्र्याला काहीच होत नाही, तो खातो, पितो, पळतो. पण त्याच्या विष्ठेतून कृमीची अंडी बाहेर पडतात, गवतावर जातात, पाण्यात जातात, त्याच्या केसांना चिकटतात. बकरीने ते गवत खाल्लं की बकरीत गाठ. आणि ज्या पोराने कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवला आणि न धुता तोच हात तोंडात घातला, त्या पोरात गाठ. माणसाच्या कलेजीत, फुफ्फुसात ती हळूहळू वाढते. वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. पुढे लांबलचक औषधं, नाहीतर ऑपरेशन. गाठ अंगातल्या अंगात फुटली तर जिवावर बेततं.

आमची धाकटी तेव्हा सात वर्षांची होती. शेरूच्या गळ्यात हात टाकून बसणं हा तिचा रोजचा कार्यक्रम. तो परत येतानाचा रस्ता आम्ही दोघांनी एक शब्द न बोलता कापला. घरी आल्यावर तिला जवळ घेतलं, हात धुवायला लावले. चार दिवसांपूर्वीची गाठ तेवढी आम्ही पाहिली होती. त्याआधी चाचांकडून आणलेली कच्ची फेफडी किती होती, त्यांतल्या कशात काय होतं, हे आता कोण सांगणार?

आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोटाची सोनोग्राफी करायला सांगितली. ती साफ निघाली, अलहम्दुलिल्लाह. पण डॉक्टरांनी हेही सांगितलं की गाठ अगदी लहान असेल तर दिसत नाही, म्हणून वर्षभराने पुन्हा बघू. ते वर्ष आम्ही कसं काढलं ते आमचं आम्हाला ठाऊक. तिचं पोट जरा दुखलं तरी दोघं एकमेकांकडे बघायचो. वर्षाने पुन्हा तपासणी झाली, तीही साफ आली. तरीही ही धास्ती पूर्ण गेली आहे असं म्हणता येत नाही.

अम्मींचा राग आम्ही गृहीत धरला होता. "मी म्हटलं नव्हतं?" असं त्या म्हणतील आणि शेरूला सोडून यावं लागेल, असं वाटत होतं. पण त्या म्हणाल्या, "त्याने मागितलं होतं का ते? आपण टाकलं, त्याने खाल्लं. गुनाह त्याचा नाही." मग त्यांनीच हात धुण्याच्या आपल्या सवयीवर बोट ठेवलं. दिवसातून पाच वेळा वुजू करणाऱ्या घरात पोरं कुत्र्याला हात लावून तशीच खाऊ उचलतात, हे आपलं चुकलं. लाळ नापाक आहे म्हणून धुवायचं हे आपण ऐकत आलो, पण पाळत किती होतो?

शेरूला पट्टकृमीचं औषध दिलं गेलं, प्राझिक्वांटेल. साधं जंताचं औषध या कृमीवर पुरेसं नसतं, म्हणून हे नाव आम्ही पाठ केलं आहे. औषध दिल्यावर पहिले काही दिवस त्याची विष्ठा हातमोजे घालून उचलून खोल पुरायची, हेही पाळलं. आता पशुवैद्य सांगतील त्या अंतराने आम्ही ते देतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवतो.

कच्च्या मांसाचं काय करायचं, हा प्रश्न मात्र उरला होता. आम्ही विचारलं की फ्रिजमध्ये गोठवलं तर? उत्तर मिळालं की उणे अठरा अंशांवर किमान आठवडाभर पूर्ण गोठलं तर या अळ्या मरतात. पण आमच्या एका दाराच्या जुन्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा तेवढा थंड होत नाही आणि मे महिन्यात वीज गेली की त्यातला बर्फही विरघळतो. शिवाय गोठवल्याने साल्मोनेलासारखे जंतू मरत नाहीत, झोपी जातात. मांस पुन्हा नरम झालं की तेही जागे. मोठ्या शहरात डीप फ्रीझर असलेल्यांनी कच्च्या आहाराचं काय ते बघावं. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेनेही २०१२ मध्ये कच्चं मांस देऊ नका असाच सल्ला दिला आहे. आमच्या राजूरच्या घराला तर ते झेपणारं नाही, हे स्पष्ट झालं.

तरी कोंबडीच्या कच्च्या मानांवर मन रेंगाळत होतं. कोंबडीत ही गाठ नसते ना? ते मनही नागपूरच्या बातमीने वळवलं. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेने पुढच्या महिन्यात निदान दिलं, बर्ड फ्लू. ते वाघ आमच्या शेजारच्या चंद्रपूरकडून तिथे नेलेले होते. संसर्ग झालेल्या कोंबडीच्या मांसातून रोग आला असावा, असा संशय तेव्हा व्यक्त झाला. वाघाला जे सोसलं नाही ते शेरूला कसं सोसेल? त्याआधी एकदा एका गाडीवाल्याने वाटेत मेलेल्या कोंबड्या फुकट देऊ केल्या होत्या. "कुत्र्यालाच घालायच्या ना? मुर्दार असली म्हणून काय झालं?" आम्ही तेव्हा नुसत्या किळसेने नाही म्हटलं होतं. आज कारणासकट नाही म्हणतो. रोगाने मेलेलं पाखरू कुत्र्याच्या तोंडातून आपल्याच अंगणात येतं.

आता शेरूचं जेवण सगळं शिजवलेलं असतं. आधी वाटलं होतं की शिजवलं की कस जाईल आणि भाकरी घातली की जुलूम होईल. दोन्ही भीती फुकाच्या निघाल्या. स्वीडनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये कुत्र्याच्या आणि लांडग्याच्या जनुकांची तुलना केली. माणसाच्या सोबतीने राहता राहता कुत्र्याला पिठूळ अन्न पचवण्याची ताकद आली, ती लांडग्याच्या अंगात तेवढी नाही, असं त्यात दिसलं. आपल्या आजोबांच्या काळची राखणीची कुत्री ज्वारीच्या भाकरीवर वाढली, ती उगीच नाही. मात्र नुसती भाकरी किंवा नुसतं मांस, दोन्ही अपुरं. दोन्हींचा मेळ हवा.

आमची पद्धत अशी आहे. शेरूचं वजन सतरा किलो. पूर्ण मांसावर ठेवायचा तर रोज सव्वाचारशे ग्रॅम, महिन्याला जवळपास तेरा किलो लागेल. खाण्याच्या कोंबडीच्या भावाने ते अडीच-तीन हजारांवर जातं. अम्मींची तिसरी अट तिथेच मोडते. त्याऐवजी रोज सुमारे दोनशे ग्रॅम माना, पेटे, मांसाचे तुकडे. दुकानदार भाई किलोला साठ रुपये घेतात. महिन्याचे सहा किलो, म्हणजे तीनशे साठ रुपये. कुकरमध्ये हे नीट शिजवायचं, गार झालं की मानेचं मांस बोटांनी सोडवायचं आणि हाडं बाजूला काढायची, कारण शिजलेलं हाड चिरफाळून आतडं फाडू शकतं. त्याच पाण्यात ज्वारीच्या भाकरीचे तुकडे किंवा तांदळाची कणी, मूठभर भोपळा नाहीतर गाजर. वर टरफलाची पूड. कलेजी आठवड्यातून दोनदा, तीही लहान तुकडा. ईदची किंवा मटणाच्या दुकानातली कलेजी-फेफडं असेल तर ते निवडून, गाठीचा भाग काढून टाकून, उरलेलं निदान अर्धा तास खळखळ उकळून. धान्य धरून महिन्याचा खर्च सहाशेच्या आत राहतो. लसीचं आणि जंताच्या औषधाचं वेगळं गल्ल्यात टाकतो.

आणखी एक सवय आम्ही मोडली. उरलेलं सालन शेरूच्या भांड्यात ओतायचो. कांदा कच्चा असो की शिजलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी नासवतो. लसूणही तसाच. बिर्याणीचा मसाला, हाडं, कांदा हे सगळं प्रेमाने वाढलेलं विषच. आणि गल्लीत एक समज आहे की शिजवलेलं खाऊन कुत्रा मवाळ होतो, राखणीला कच्चं मांस खाणाराच खुनशी कुत्रा हवा. शेरूला कच्चं बंद होऊन आता बराच काळ झाला. रात्री बकऱ्यांच्या गोठ्याजवळ पान हललं तरी तो उठतो. राखण शिकवण्यातून आणि पोट भरलेलं असण्यातून येते. रक्ताच्या चवीचा तिच्याशी संबंध नाही.

पुढच्या बकरी ईदला आम्ही गल्लीतल्या चार घरांशी आधीच बोललो. काहींनी हसण्यावारी नेलं, "आमच्या आजोबांपासून कुत्रीच खातात ते." पण पोरांची गोष्ट सांगितली तेव्हा बायका थांबून ऐकू लागल्या. मग तरुण मुलांनी मोकळ्या जागेत चार फूट खोल खड्डा खणला. गाठी, आतडी, खाण्याजोगं नसलेलं सगळं त्यात गेलं. वर भट्टीवरून आणलेला चुना पसरला, मग माती, मग कुत्र्यांनी उकरू नये म्हणून दगड. पिल्लाच्या पोटात घालायला जो चुना कामाचा नव्हता, तो इथे कामी आला. त्या ईदला गल्लीत दुर्गंधी नव्हती, कुत्र्यांची झुंबड नव्हती. बाजूच्या मोहल्ल्यातल्या गैरमुस्लिम शेजाऱ्यांनीही ते पाहिलं आणि बरं वाटल्याचं सांगितलं.

कुर्बानीच्या गोश्ताचे तीन वाटे करायची आपली रीत आहे, घरचा, नातेवाइकांचा आणि गोरगरिबांचा. शेरूचा त्यात वाटा नाही आणि तो मागतही नाही. पण जो जीव आपल्या बकऱ्या राखतो, त्याचा आपल्या घरावर हक्क आहे. हा हक्क महागड्या पिशवीतल्या अन्नाने पुरा होतो असं नाही आणि टाकाऊ ते भिरकावूनही होत नाही. सहाशे रुपयांत, दोन शिट्ट्या जास्त करून आणि हात धुऊन तो पुरा करता येतो. आपल्याकडे कुत्रा राखणीला असेल तर या ईदआधी एवढं करावं: पशुवैद्याला विचारून पट्टकृमीचं औषध द्यावं, रेबीजची लस चुकवू नये, कच्ची कलेजी आणि फेफडं त्याच्यापुढे टाकू नये आणि पोरांना हात धुवायची सवय लावावी.

अम्मी अजूनही शेरूला हात लावत नाहीत. तो अजूनही उंबऱ्याच्या आत येत नाही. पण संध्याकाळी मगरिबच्या आधी त्या ओसरीवरूनच आवाज देतात, "अरे, त्याचं झालं का खाऊन?" आमच्यातलं कुणीतरी हो म्हणेपर्यंत त्या जानमाज पसरत नाहीत.